बैठकीत भरलेलं कॉलेज

बारावी झाली तसं लग्न झालं आणि पुढं बरीच वर्षं मी फक्त पोरांच्या पुस्तकांना कव्हरं घातली. मग लेक पुण्याला शिकायला गेली, तिचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आला आणि तिनंच मला ऑनलाइन बी.ए.च्या भरीला घातलं. कॅमेरा कसा लावायचा, माईक कसा बंद करायचा, सगळं तिनं फोनवरून शिकवलं. स्वयंपाक उरकला की मी पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवायची आणि पडद्यातल्या माझ्याच चेहऱ्याला "नमस्कार सर" म्हणायची. तयारी जोरात होती. अडचण एवढीच, की स्वयंपाकघरात नेट येत नव्हतं.

वायफायचा डबा बैठकीत, आणि बैठक आबांची. आबा म्हणजे माझे सासरे, गावचे माजी सरपंच. त्यातलं 'माजी' त्यांच्यासमोर कुणी उच्चारत नाही. आमच्याकडे आष्टी भागात सून बैठकीत चहाचा ट्रे घेऊन जाते, ट्रे ठेवते आणि पदर सावरत मागे फिरते. बसत नाही. इतक्या वर्षांत त्या खोलीतल्या एकाही खुर्चीवर मी टेकले नव्हते.

परीक्षाही घरूनच द्यायची, म्हणून कॉलेजवाल्यांनी आधी एक तपासणी ठेवली होती. लॅपटॉप नीट चालतो का, बाई खरीच तीच आहे का, खोलीत एकटी आहे का, हे त्यांचा माणूस कॅमेऱ्यातून बघणार, मगच प्रवेश पक्का. बैठक रिकामी मिळेल तेव्हा करू म्हणत मी रोज पुढं ढकलत गेले. आबांची बैठक कधी रिकामी असते? शेवटचा दिवस उगवला. आज नाही तर यंदाचं वर्ष गेलं. चहा देताना मी खाली बघत आबांना सांगितलं, की दुपारी बैठक लागेल.

"लागंल तेवढी घे की," आबा म्हणाले.

आणि दुपारी बघते तर आबा चार म्हातारे जमवून बसलेले. सूनबाईचं कॉलेज घरात कसं येतं, ते बघायला! माझा असा संताप झाला, की चहात साखरच टाकली नाही. लेकीनं बजावून सांगितलं होतं, खोलीत दुसरं कुणी दिसलं तर तपासणी रद्द. मी दाराआडून तसं सांगितलं. आबांनी सगळ्यांना उठवलं आणि खुर्च्यांसकट बाहेर ओट्यावर, नेमकं खिडकीखाली नेऊन बसवलं. मला कानाला हेडफोन होता, म्हणून म्हटलं बसू देत. त्यांना काय ऐकू येणार आहे?

मी आबांच्या खुर्चीत बसले. अंगाखाली निखारे असल्यासारखं वाटत होतं. पडद्यावर एक तरुण माणूस आला, नमस्कार झाला आणि पहिलंच वाक्य आलं, "मॅडम, हेडफोन चालणार नाही. काढा."

हेडफोन काढला तसा आवाज लॅपटॉपमधून बाहेर पडला, तोही भोंग्यासारखा. लेकीनं लॅपटॉप देतानाच तो पूर्ण चढवून ठेवला होता आणि कमी कसा करायचा हे मला ऐनवेळी आठवेना.

"आता डोक्यावरचा पदर काढा. दोन्ही कान दिसले पाहिजेत."

बाहेरच्या गप्पा एकदम थांबल्या. कानात काही लपवून कॉपी करतात म्हणून हा नियम, हे मला माहीत होतं. पण ओट्यावर कुणाला माहीत होतं? परक्या पुरुषानं सरपंचाच्या सुनेला पदर काढायला सांगितला, एवढंच त्यांनी ऐकलं. तरी मी पदर खाली घेतला. वर्ष जाणार होतं.

"मॅडम, तुमच्या मागे एक गृहस्थ हात जोडून उभे आहेत. त्यांना बाहेर पाठवा."

मी दचकून मागे बघितलं. आबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स! पोरांनी चौकात लावला होता, तो आबांनी नंतर फ्रेम करून भिंतीवर टांगलेला. पुरुषभर उंचीचा.

"ते माझे सासरे आहेत," मी पुटपुटले.

"कोणीही असू देत. त्यांना बाहेर जायला सांगा."

"ते बाहेरच आहेत, सर."

ओट्यावर कुणीतरी खो खो हसलं. "सरपंच, तुमालाच तुमच्या घरातून भाईर काढलं की बे!"

पडद्यावर मी आणि माझ्या उघड्या डोक्यामागे फ्लेक्सवरचे हसणारे आबा, असे एका चौकटीत दिसत होतो. लाजेनं माझं तोंड भाजून निघालं. मी फाडकन लॅपटॉप मिटला. झालं कॉलेज, म्हटलं. माझं हसं झालं ते झालंच, या म्हाताऱ्या माणसाचीही मी चारचौघांत शोभा केली.

मग दाराजवळ आबांचा आवाज आला. आत ते आले नाहीत. "कावून बंद केलं?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं.

"त्यो मानूस त्याचं काम करतोय. फोटोवर शाल टाक, कपाटात लई पडल्यात. अन् लाव परत."

मी सत्काराची एक शाल काढली, आबांच्या तसबिरीवर टाकली आणि खिडकी लावायला गेले. खाली नजर गेली. पाचही म्हाताऱ्यांनी खुर्च्या फिरवल्या होत्या. खिडकीकडे पाठ, गोठ्याच्या भिंतीकडे तोंड, ओळीनं, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे. मघाशी हसलेला म्हाताराही टोपी मांडीवर घेऊन गुमान भिंत बघत होता. घटकाभरापूर्वी मी याच माणसांना बिनसाखरेचा चहा पाजला होता, मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. मला माझीच इतकी लाज वाटली, की खिडकी लावायचं राहूनच गेलं.

मी लॅपटॉप उघडला. माणूस अजून होता.

"आता एकट्या आहात ना, मॅडम?"

"हो."

"छान. झालं तुमचं. आता ओळखपत्रासाठी फोटो घेतो. सरळ बघा. मॅडम, रडू नका, चेहरा हलतोय."

तो थोडा वेळ थांबला. मी थांबू शकले नाही. शेवटी त्यानं तसाच फोटो घेतला. कॉलेजच्या ओळखपत्रावर मी अशीच आहे, डोकं उघडं, नाक लाल आणि डोळे खिडकीकडे.