बाळासाहेबांनी नवव्यांदा गादी सोडली

साताऱ्याच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या बाळासाहेब गुंजीकरांना दुसऱ्याच दिवशी कळून चुकलं, की निवृत्ती काही आपल्याला मानवत नाही. मुलगा निमिष डब्लिनमध्ये ग्रँड कॅनाल डॉकला नोकरीला, सून कौमुदी जवळच्याच नास गावच्या इस्पितळात, आणि तीन वर्षांच्या इशिताला सांभाळायला घरात कोणी नाही. तेव्हा बाळासाहेब आणि लीलावतीबाई नासला आले, ते तिथलेच झाले. कागदोपत्री दोघंही मुलावर अवलंबून. हे बाळासाहेबांना फार झोंबलं. ज्या माणसाच्या एका खाकरण्याने आठशे पोरं चिडीचूप व्हायची, त्याला आता कचऱ्याचा हिरवा डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा हे सुनेला विचारावं लागत होतं.

मग त्यांनी आसपासची सात मराठी कुटुंबं आणि मेनूथ विद्यापीठातली काही पोरं जमवून मराठी मंडळ काढलं, आणि पहिल्याच सभेत दोनदा नको-नको म्हणून अध्यक्षपद स्वीकारलं. राज्य ते केवढं? एक पितळी घंटा, आणि चर्चच्या मागच्या हॉलमधल्या मोठ्या प्रेसची किल्ली. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात. त्यात मंडळाची समई, ताटं-वाट्या आणि गणपतीचं मखर. घराबाहेर पडताना बाळासाहेब एक वेळ चष्मा विसरत, किल्ली नाही.

इतिहास हा त्यांचा विषय, आणि त्यातही गादी सोडणारे राजे त्यांचे विशेष लाडके. दर पाडव्याच्या वार्षिक सभेत ते एकेकाची गोष्ट सांगत. स्पेनवर राज्य करणारा सम्राट पाचवा चार्ल्स, जो अर्धा युरोप मुलाच्या आणि भावाच्या पदरात टाकून मठाशेजारी घड्याळं जुळवत बसला. इंग्लंडचा आठवा एडवर्ड, ज्याने बाईपायी मुकुट खाली ठेवला. ('पण ठेवला तरी,' असं म्हणून ते समोरच्या रांगेकडे बघत.) गोष्ट संपली की आवाज कातर व्हायचा. "आता तरुणांनी पुढे यावं. मी थांबतो." घंटा आणि किल्ली टेबलावर यायची. मग मेनूथचा हृषीकेश नावाचा गुणी मुलगा उठायचा आणि म्हणायचा, "काका, असं कसं चालेल?" बाळासाहेब मान हलवायचे. तो पुन्हा म्हणायचा, मागचे दोघं-तिघं त्याची री ओढायचे. तिसऱ्या खेपेला बाळासाहेब उसासा टाकून म्हणायचे, "तुमचं मन मोडवत नाही," आणि किल्ली खिशात जायची. मग श्रीखंड. ते लीलावतीबाईंनी पहाटे उठून केलेलं असायचं.

आठ वर्षं हे बिनबोभाट चाललं. पंगतीत पाहुण्याने ताटावर हात आडवा धरायचा आणि यजमानाने बोटांच्या फटीतून जिलबी सोडायची, हे आपल्या माणसांना शिकवावं लागत नाही, असा बाळासाहेबांचा ठाम समज होता. त्याच भरवशावर ते दर वर्षी हात आडवा धरत आले.

नवव्या वर्षी हृषीकेशला कॉर्कला नोकरी लागली. मंडळाची चिटणीस झाली अश्लेषा, मेनूथला संशोधन करणारी, सहाव्या वर्षी आईबापांबरोबर इकडे आलेली. मराठी छान बोलायची. पण तिच्या लेखी नको म्हणजे नको. सभेच्या आधी पंधरा दिवस तिने फोन केला.

"काका, या वर्षी तुम्ही रिझाइन करणार असं सगळे म्हणतायत. खरंच का?"

असं कोणी विचारतं का? पण विचारलं, तर राजा काय सांगणार? "अगदी खरं," बाळासाहेब म्हणाले. "पुरे झालं. आता परसात कोबी लावीन."

कोबी आला होता यंदाच्या गोष्टीतून. रोमचा सम्राट डायोक्लिशियन राज्य सोडून समुद्राकाठी भाजीपाला लावत बसला. पुढे लोक विनवायला आले, 'महाराज, परत या.' तो म्हणाला, 'माझ्या हातचा कोबी बघितलात, तर हे बोलणार नाही तुम्ही.' बाळासाहेबांनी सभेत ही गोष्ट अशी रंगवली, की शेवटी त्यांनाच भरून आलं. त्यांनी घंटा ठेवली. किल्ली ठेवली. "मी थांबतो," म्हणाले, आणि हृषीकेशच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत वाट पाहू लागले.

अश्लेषा उठली. बाळासाहेबांनी मान हलवायची तयारी केली.

"काकांचा डिसिजन आपण रिस्पेक्ट करूया," ती म्हणाली. "आठ वर्षं केलंय त्यांनी, ग्रँड केलंय. जोरात टाळ्या." टाळ्या झाल्या. टाळ्यांमागून एक सह्यांचं कार्ड आलं आणि प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये कोबीची बारा रोपं आली. पोरीने मनापासून, दोन दुकानं फिरून आणली होती. बाळासाहेब ट्रे हातात धरून उभे राहिले. कोणीतरी एकदा 'असं कसं चालेल' म्हणावं म्हणून ते उगाच एक मिनिट जास्तच उभे राहिले.

"नवीन अध्यक्ष कोण?" अश्लेषाने विचारलं. मागून कोणीतरी म्हणालं, "लीलावतीकाकू." वाटीत श्रीखंड वाढता वाढता लीलावतीबाईंनी वर पाहिलं. बाळासाहेबांना हायसं वाटलं. ही बाई माहेरच्या चहालासुद्धा तीनदा नको म्हणणारी.

"करते की," लीलावतीबाई म्हणाल्या, आणि पुढची वाटी भरली.

घरी येताना गाडीत रोपांचा ट्रे बाळासाहेबांच्या मांडीवर होता. इशिता आता बारा वर्षांची होती, तिने मागच्या सीटवरून विचारलं, "आजोबा, why are you sulking? You quit." बाळासाहेबांनी मांडीवरचा ट्रे सरळ केला.

किल्ली मात्र त्यांनी निघता निघता टेबलावरून उचलली होती. चोरी नव्हे ती, असं ते स्वतःला सांगत होते. स्पेनचाच पाचवा फिलिप मुलाला गादी देऊन सात महिन्यांत परत राजा झाला होता. आपल्याला तेवढेही लागणार नाहीत, समईसाठी किल्ली मागायला येतीलच. त्यांनी ती उशीखाली ठेवली. महाराष्ट्र दिन झाला, मुलांच्या स्पर्धा झाल्या, वटपौर्णिमा झाली. किल्ली कोणी मागितली नाही. शेवटी त्यांना राहवेना.

"प्रेस उघडता कशी तुम्ही?" त्यांनी बायकोला विचारलं.

लीलावतीबाई अध्यक्षांच्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. "ओढायची. तिला कुलूप लागतच नाही, पहिल्या वर्षापासून."

"आणि तू मला कधी सांगितलं नाहीस?"

"ताटं मीच काढत होते, मीच ठेवत होते. तुम्ही किल्ली सांभाळत होता. म्हटलं, असू दे."

त्यानंतर बाळासाहेब खरोखरच परसात गेले आणि ट्रेमध्येच तग धरून राहिलेली ती बारा रोपं लावली. रागाने खणलं म्हणून वाफे खोल झाले असतील, पण कोबी तरारला. रोज सकाळी ते गोगलगायी वेचत आणि मनात एक दृश्य रचत: मंडळाचे लोक फाटकाशी येतील, म्हणतील, परत या. आपण कोबी दाखवू. दोनदा नाही म्हणू. लाज वाटावी असं हे स्वप्न होतं, आणि त्यांना लाजही वाटे, पण त्यावाचून दिवस जात नव्हता.

गणपतीच्या आदल्या शनिवारी फाटक वाजलं. लीलावतीबाई आणि अश्लेषा. बाळासाहेब गुडघ्यावरची माती झटकून उभे राहिले.

"काका, एक रिक्वेस्ट होती," अश्लेषा म्हणाली.

"बोल."

"मंडळाच्या जेवणाला कोबीची भाजी करतोय. तुमचे गड्डे मिळतील का?"

बाळासाहेबांनी वाफ्याकडे पाहिलं. मग जुन्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "छे, छे. कसले गड्डे, अजून लहान आहेत. नको."

"ग्रँड, नो बॉदर," अश्लेषा हसून म्हणाली. "सुपरमार्केटमधून आणतो आम्ही." आणि ती वळली. लीलावतीबाई मात्र वळल्या नाहीत. नवऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मागच्या पंचेचाळीस वर्षांत दुसरा आणि तिसरा आग्रह त्यांनीच केला होता. आज त्या करणार नव्हत्या.

फाटकाची कडी वाजली.

"अगं ए पोरी, थांब," बाळासाहेब ओरडले. "मोठे आहेत. चांगले आहेत. घेऊन जा."

त्यांनी विळा आणला आणि वाकून एकेक गड्डा कापायला घेतला. बाराच्या बारा.