उमर कम

निजामाच्या काळात पाथरीच्या आमच्या सरकारी शाळेत दाखल्यांची नोंद ठेवणारे एक मुन्शी होते. प्रत्येक गोष्टीला ‘हुकूम हाय’ म्हणायची त्यांना सवय. मी नवा मास्तर, आमच्या घरातला पहिला बी.ए. मला ते ‘बीए साहेब’ म्हणत, आणि त्यात टोमणा असे.

उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला, तर पोर शाळेच्या वयाचं झालं असं मानत. एक शेतकरी आपली नऊ वर्षांची मुलगी घेऊन आला. तिचा उजवा हात लहानपणीच्या तापात वाळला होता.

“कान लागत न्हाई,” मुन्शी म्हणाले. “मुंबईला आंधळ्या-मुक्यांची शाळा हाय म्हणतेत. तिथं न्या.”

“मुन्शीजी, ती आंधळी न्हाई, मुकी बी न्हाई,” बाप म्हणाला. “डाव्या हातानं लिव्हती. पाढे तर मलाच शिकवायलीय.”

“मग डाव्या हातानं धरू द्या कान,” मी म्हणालो.

“हुकमात उजवाच हाय, बीए साहेब.”

तरी ते उठले. तो वाळका हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत पाखरासारखा धरला आणि हळूहळू वर नेला. ती कळवळली तिथंच थांबले, हात अलगद खाली ठेवला. मग रजिस्टरात उर्दूत लिहिलं, ‘उमर कम’. म्हणजे वय कमी.

“पुढच्या साली आना.”

“पुढच्या साली हात वाढंल का, मुन्शीजी?”

शेऱ्याखाली मास्तराची सही लागे. मुन्शींनी टाक माझ्यापुढे केला. नोकरी नवी होती. मी सही केली.