मधे चाखायचं नाही

मेट्रन मावशी स्वतःला ‘मी’ म्हणत नसत. ‘दुभाषीला चहात साखर नको’, ‘दुभाषीचे गुडघे आज संपावर आहेत’, अशी त्यांची बोलण्याची तऱ्हा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटे, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. खरं कारण त्यांच्या कामात होतं. अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या हॉस्पिटलात त्या मराठी आणि हिंदी पेशंटांच्या दुभाषी होत्या. पेशंट म्हणाला, ‘माझं पोट दुखतंय’, की दुभाषीनंही इंग्रजीत ‘माझं पोट दुखतंय’ असंच म्हणायचं. ‘यांचं पोट दुखतंय म्हणे’ असं नाही. म्हणजे खोलीतला ‘मी’ पेशंटानं आधीच घेतलेला असतो. दुभाषीला स्वतःचं काही विचारायचं असेल, तर ‘दुभाषीला एक शंका आहे’ असं म्हणून परवानगी मागायची, असा तिथला नियम. तो पाळता पाळता बाईंचा स्वतःचा ‘मी’ बहुधा हॉस्पिटलच्या पार्किंगमधेच राहून गेला होता.

त्यांचं नाव सुमन काळबांडे. नागपूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. मुलगी स्मिता इथे एका औषध कंपनीत होती, म्हणून त्या इकडे आल्या, आणि घरात बसून कंटाळल्यावर त्यांनी वैद्यकीय दुभाषीची परीक्षा दिली. बुटक्या, रुंद, चालताना असं वाटावं की वॉर्डाच्या राउंडवरच निघाल्यात. छातीवर सिस्टरांचं उलटं घड्याळ टाचलेलं असे. ते त्यांनी निवृत्तीनंतरही काढलं नव्हतं.

पण इथे त्या मेट्रन नव्हत्या. पेशंटाला हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, मत तर नाहीच नाही. ज्या बाईनं आयुष्यभर डॉक्टरांनासुद्धा दम दिला, तिला हे कसं जमत असेल असं मला वाटे. मी एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, “हे पाय बापू, डबा पोचवणाऱ्यानं डबा उघडाचा नाही. शब्द इकडून उचलाचा, तिकडे ठेवाचा. मधे चाखाचं नाही.” मग त्यांनी पुढे जोडलं, “पण डबाच सांडत असंल, तर बोंबलाचं मात्र जोरात.”

आमची गाठ पडली ती माझ्या आईमुळे. आई साताऱ्याची. हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवून रिटायर झालेली. व्याकरण पक्कं, अक्षर देखणं, आणि ‘मला इंग्रजी येतं’ ही गोष्ट तिच्या लेखी मंगळसूत्राच्या खालोखाल महत्त्वाची. ती आमच्याकडे आली आणि पित्ताशयातल्या खड्यांनी उचल खाल्ली. ऑपरेशन ठरलं. त्या दिवशी सकाळी हॉस्पिटलनं दुभाषी पाठवलेली पाहून आईचा चेहरा असा झाला की जणू कुणी तिच्या हातात पहिलीचं पुस्तक दिलंय.

“मी इंग्रजीची शिक्षिका आहे,” आई म्हणाली.

“चांगलं आहे ना मग,” मावशी म्हणाल्या. “दुभाषीले आराम.” आणि पेशंटाच्या जरा मागे, ठरलेल्या जागी, हात पाठीशी बांधून बसल्या.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, “आर यू फास्टिंग?” आईनं झोकात उत्तर दिलं, “येस, येस. कम्प्लीट फास्ट. फ्रॉम मॉर्निंग.” डॉक्टरांनी मान डोलावली. मागून आवाज आला, “दुभाषीला एक शंका आहे, पेशंटला विचारू का?” डॉक्टर म्हणाले, जरूर. मावशी आईकडे वळल्या. “आज संकष्टी हाय नाही का? उपवासाचं काय खाल्लं?”

“काही नाही हो. वाटीभर साबुदाण्याची खिचडी. आणि रताळ्याचा कीस, तोही जरासाच.”

मी खुर्चीतून उठलोच. “अगं, तुला सांगितलं होतं ना, काही खायचं नाही म्हणून!”

“मग? उपवासच केलाय की,” आई म्हणाली.

तिच्या दृष्टीनं ते शंभर टक्के खरं होतं. पण भुलीत असताना ती खिचडी उलटून श्वासनलिकेत गेली असती, तर खड्यांचं दुःख फार काळ उरलं नसतं. मावशींनी डॉक्टरांना साबुदाणा, तूप, शेंगदाण्याचं कूट आणि रताळं असं एकेक इतकं निगुतीनं समजावून सांगितलं की त्या भल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटलं असावं. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. घरी आल्यावर आई म्हणाली, “चहाडखोर बाई.”

मग तिनं त्या चहाडखोर बाईला रविवारी जेवायला बोलावलं. आईची भांडायची हीच पद्धत. भरपेट वाढायचं आणि मग सुनवायचं. पण मावशी सुनवून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. एक इंग्रजीची मास्तरीण आणि एक मेट्रन, दोघी समोरासमोर बसल्या आणि मी नि माझी बायको मुकाट्यानं पोळ्या मोडत राहिलो.

त्या जेवणात मावशींनी हॉस्पिटलच्या ट्रेनिंगची हकिगत सांगितली. निरनिराळ्या देशांचे पेशंट कसे ओळखावेत यावर कुणी तज्ज्ञ बाई स्लाइड दाखवत होत्या. भारतीयांच्या स्लाइडवर लिहिलं होतं, हे लोक शाकाहारी असतात, डोळ्याला डोळा देत नाहीत, डॉक्टरांना उलट प्रश्न विचारत नाहीत. मावशींनी हात वर केला. “म्या म्हटलं, बाई, आमच्या नागपुरात या, सावजीचं मटण खा, आन् मग डोळ्यातून पाणी गळत असताना डोळ्याला डोळा देऊन दाखवा. थे हसून राहिली, पण मी हसली नाही. म्या म्हटलं, स्लाइडले काय विचारता? पेशंट समोर बसून हाय ना, त्याले विचारा!” बोलण्याच्या भरात इथे त्यांचा ‘मी’ परत आला होता. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, आणि आम्हीही दाखवून दिलं नाही.

आई या एका बाबतीत मात्र त्यांच्याशी सहमत झाली. जाताना तिनं त्यांना लिंबाचं लोणचं दिलं. नियमाप्रमाणे पेशंटाकडून काही घ्यायचं नसतं, असं म्हणत त्यांनी ते घेतलं नाही. आईला राग आला नाही, उलट तिचं मत सुधारलं.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं, आणि चांगलं झालं. मावशी ऑपरेशनच्या दिवशी होत्या. पण वॉर्डात गेल्यावर आईनं रोजच्या बोलण्यासाठी दुभाषी नको म्हणून सांगितलं. पेशंटाला तो हक्क असतो. “मला येतं,” हेच कारण. अ‍ॅशली नावाची तरुण नर्स होती, फार गोड स्वभावाची. आईला ती पहिल्या दिवशीच आवडली, कारण तिनं आईच्या उच्चारांचं कौतुक केलं होतं.

दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज. मी कपडे भरत होतो. आईचा चेहरा उतरलेला होता. अ‍ॅशली आली, तेव्हा आई तिला म्हणाली, “सिस्टर, आय अ‍ॅम फीलिंग व्हेरी फ्राइटन्ड.”

अ‍ॅशलीनं तिचा हात हातात घेतला. परका देश, पहिलं ऑपरेशन, घरी कसं होईल ही काळजी, हे सगळं अगदी स्वाभाविक आहे, असं ती मायेनं म्हणाली. हवं तर कुणाशी बोलायला पाठवू का, असंही तिनं विचारलं. आईनं पुन्हा तेच वाक्य म्हटलं, जरा जोर देऊन. अ‍ॅशलीनं तिच्या खांद्यावर थोपटलं. मीही म्हणालो, “आई, घाबरू नकोस गं, तासाभरात घरी.” मला त्यात वावगं काही दिसलं नाही. वाक्य इंग्रजी होतं, शुद्ध होतं, आणि मी आयुष्यभर तिच्याच इंग्रजीवर वाढलो होतो.

डिस्चार्जच्या सूचना मात्र दुभाषीच्या तोंडूनच सांगायच्या, असा हॉस्पिटलचा दंडक होता, म्हणून मावशी आल्या. अ‍ॅशलीनं वाचायला सुरुवात केली. जखम कोरडी ठेवा, जड उचलू नका. मावशी एकेक वाक्य मराठीत ठेवत होत्या. मधेच आईनं हात वर करून त्यांना थांबवलं. आता तिच्यात इंग्रजी बोलण्याचं त्राण नव्हतं. “मावशी, मला ना, सकाळपासून फार घाबरल्यासारखं होतंय हो.”

मी मावशींकडेच पाहत होतो. पाठीशी बांधलेला त्यांचा उजवा हात सुटला आणि आईच्या मनगटाकडे निघाला. नाडी पाहायला. अर्ध्या वाटेवर त्यांनी तो थांबवला, मूठ वळली आणि परत पाठीशी नेला. मेट्रनला जे कळलं होतं ते सांगायची मुभा दुभाषीला नव्हती. त्यांनी आधी आईचं वाक्य अ‍ॅशलीला दिलं, पण घाबरण्याचा शब्द इंग्रजीत केला नाही, मराठीच ठेवला. मग म्हणाल्या, “दुभाषीला या शब्दाबद्दल सांगायचं आहे. आमच्या भाषेत घाबरणं मनाचं असतं तसंच शरीराचंही असतं. शरीराचं असेल तर त्याचा भीतीशी काही संबंध नसतो. यातलं कोणतं, ते पेशंटला विचारावं, अशी दुभाषीची विनंती आहे.”

अ‍ॅशलीनं हातातले कागद बाजूला ठेवले. “विचारा,” ती म्हणाली.

“भीती वाटून राहिली का तुम्हाले?”

“भीती कसली?” आई चिडली. “भ्यायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? छातीत धडधडतंय. दम लागतोय. श्वास पुरेसा येतच नाहीये.”

मावशींनी ते इंग्रजीत सांगितलं. ‘माझ्या छातीत धडधडतंय, मला श्वास पुरत नाहीये’, असं त्या ‘मी’ होऊन म्हणाल्या. एव्हाना अ‍ॅशलीनं आईच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला होता. तिनं आकडा पाहिला आणि बटण दाबलं. पुढच्या काही मिनिटांत खोली माणसांनी भरली. आईला स्कॅनला नेलं. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन बसली होती. डॉक्टर मला म्हणाले, “घरी गेल्या असत्या तर काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही.” त्यांना ते सांगायचं नव्हतं, एवढं मला कळलं.

मी बाहेर येऊन भिंतीला टेकलो आणि रडलो. मावशी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी पेशंट नव्हतो, त्यामुळे नियमाची अडचण नव्हती. “मावशी, तुम्हाला लगेच कळलं होतं ना?” मी विचारलं.

“मेट्रनले कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “पण मेट्रनचं कोण ऐकते इथं? आन् मेट्रन चुकली असती तर? म्हणून पेशंटच्याच तोंडून वदवलं. पेशंटचं सगळ्यांना ऐकावं लागते.”

आई बरी झाली. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत साताऱ्याला परतली. जाण्याआधी मावशींनी तिची हजेरी घेतलीच. “काऊन इंग्रजी झाडून राहिल्या होत्या वो? दुखणं आपल्या भाषेत येते, तर आपल्याच भाषेत सांगाचं.” आईनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी उलट न बोलता ऐकून घेतलं. अ‍ॅशलीनं वॉर्डात नवी सवय लावून घेतल्याचं मला नंतर कळलं. पेशंट कुठल्याही देशाचा असो, ‘भीती वाटते’ म्हणाला की ती विचारते, ‘कुठे वाटते, दाखवा.’ मेक्सिकोच्या आजी असोत की इथल्याच डोंगरातले शेतकरी, सगळे बोट ठेवून दाखवतात म्हणे.

गेल्या वर्षी मावशींना कॅन्सर निघाला आणि फार लवकर पसरला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, शेवटच्या दिवसांत नळ्या नकोत असं लिहून दिलं, आणि हॉस्पिसच्या, म्हणजे अखेरच्या शुश्रूषेच्या, खोलीत गेल्यावर चादरीचे कोपरे नीट नाहीत म्हणून तिथल्या लोकांना फैलावर घेतलं. हळूहळू त्यांचं इंग्रजी गळालं, मग हिंदी. उरली ती नागपूरची मराठी. त्यातही शब्द कमी कमी होत गेले.

त्या दुपारी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. त्यांची लेक स्मिता दोन दिवसांत प्रथमच खाली काही खायला गेली होती. नर्स उशा सारख्या करत होती. मावशींनी डोळे उघडले, दाराकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाल्या, “येते मी.”

नर्सनं विचारलं, काय म्हणाल्या? मी तोंडात आलं ते इंग्रजीत सांगितलं, “मी येते आहे, असं म्हणाल्या.” ती लगबगीनं पलंगाच्या कठड्याकडे वळली. “उठायचंय का त्यांना? थांबा, मी मदतीला कुणाला तरी बोलावते.”

“नाही,” मी म्हणालो. “आमच्यात निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. ‘येते’ म्हणतात. त्या निरोप घेताहेत.”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कठडा सोडून ती मावशींचा श्वास पाहू लागली. मी स्मिताला फोन लावला. “वर ये. आत्ता. मावशी ‘येते’ म्हणाल्या.” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती लिफ्टसाठी थांबली नाही, जिन्यानं धावत आली. मावशींचे डोळे मिटले होते, पण श्वास चालू होता. स्मितानं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, कानाशी वाकली, आणि दारातून निघालेल्या माणसाला म्हणतात तसं म्हणाली, “ये गं आई. ये.”