गाडीत काम आहे

माझं कोणी खरं मानत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. गाडी विकली गेली तेव्हासुद्धा घरात कोणी मानायला तयार नव्हतं. म्हणून आता तुमच्यापुढं सगळं ठेवते, चहा घेता घेता ऐका. फजिती माझी आहे, तर सांगणारही मीच.

कारंज्यात हायवेला लागून आमचं घर. अंगणात सासऱ्यांनी लिलावात घेतलेला जुना पिकअप ट्रक. चारही चाकं ओढणारी गाडी. काळ्या मातीत भल्याभल्यांचे ट्रॅक्टर फसायचे, तेव्हा ही संत्र्याची खेप घेऊन नाल्यातून वर चढायची. पण गिअरबॉक्स बसला आणि पुढच्या चाकांचा जोर गेला. दीर म्हणाले, "वयनी, शुक्रवारी भंगारवाला येते. तो कापून नेईन."

जिनं माझी दोन्ही बाळंतपणं वेळेवर दवाखान्यात पोचवली, तिला कापणार? मी म्हटलं, "शुक्रवारच्या आत अख्खी गाडी विकून दाखवते. चालवणाऱ्याच्याच हाती देईन तिले."

शाळा माझी चौथीपर्यंतच, पण अक्षर वर्गात पहिलं. सोमवारी पत्रा घेतला, रंग घेतला, ब्रश घेतला. आमचे हे बाजूला उभे.

"'विकणे आहे' असं लिहिजो," हे म्हणाले.

"काऊन? जुन्या गाडीवर पाटी लावली म्हनजे विकाचीच असते. लोकं का येडे हायेत? खरं काय ते लिहावं. मागून कटकट नाई पायजे."

आणि मी लिहिलं, 'गाडीत काम आहे. येऊन भेटा.' गाडी बिघडली की गॅरेजवाले असंच म्हणतात ना? मग माझं काय चुकलं?

तासाभरात एक जण दारात हजर.

"बाई, काम हाय म्हनते?"

"हाय. लपवत नाई. लय काम हाय."

"किती दिवसाचं?"

"हुशार मानूस असला तर पंधरा दिवसाचं. नाई तर सालभर पुरते."

त्याचा चेहरा खुलला. मला वाटलं, हिंमतवाला गिऱ्हाईक आहे.

"माह्यासंगं अजून दोघं येतीन. चालते?"

"आन ना. गाडी ढकलाले मानसं लागतेच."

"अन जेवन?"

बाहेरगावचा दिसतो, मी मनात म्हटलं. "मी का उपाशी पाठवीन? जेवून घेजा."

बुधवारपर्यंत अकरा जण झाले. सकाळी यायचे, गाडीभोवती बसायचे, चहा प्यायचे, जेवायचे. भाव कोणी विचारला नाही. मी समजले, खानदानी गिऱ्हाईक आहेत, पहिल्याच भेटीत भाव काढत नाहीत.

"अकरा गिऱ्हाईक लागले," मी घरात सांगितलं.

"त्या गाडीले?" दीर म्हणाले आणि हसत हसत पाणी प्यायला गेले.

गुरुवारी तळेगावचे रामभाऊ आले. संत्र्याचे बागायतदार. शर्टाची पर्वा न करता गाडीखाली शिरले, टॉर्च मारून सगळं पाहिलं, धूळ झटकत उभे राहिले.

"बाई, गाडी मले देता काय? गिअरबॉक्स मी करून घेईन. माह्या बागेत असीच गाडी लागते."

मी पदर खोचला. "लायनीत या. तुमच्या आधी अकरा जन हायेत."

"हे सारे गाडी घेनारे हाय?"

"मग का पाहुनचाराले आले?"

रामभाऊंनी हात पुसले आणि समोरच्या ढाब्याकडं निघून गेले.

ते रस्ता ओलांडतात न ओलांडतात, तोच सोमवारचा पहिला माणूस पुढं आला. "बाई, चार दिवस झाले. तुम्ही खाऊ घालता, पन काम काई दाखवत नाई. ड्रायव्हर कोन, हमाल कोन, एकदाचं सांगून टाका."

माझ्या हातातली चहाची किटली तिथंच थांबली. "तुम्हाले गाडी घ्याची नाई?"

"गाडी घ्याची ऐपत असती, तं काम मागाले आलो असतो काय?"

मग मी जी धावले. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्या पायात यांची. ढाब्यावर रामभाऊंच्या कपात शेवटचा घोट राहिला होता. जन्मात बोललेला शब्द मी मागं घेतलेला नाही, तेव्हाही घेतला नाही.

"रामभाऊ, लाइन संपली," मी म्हटलं. "आता तुमचाच नंबर हाय."

"अन ते अकरा?"

"त्याईले काम पायजे होतं."

रामभाऊंना ठसका लागला. "पाटी मीबी वाचली होती, बाई. मले वाटलं, तुम्ही ड्रायव्हर पाहून राह्यल्या. ते तं तुमच्या यजमानाईनं सांगतलं, का गाडी विकाची हाय."

म्हणजे हे गुपचूप सांगून मोकळे झाले होते. मला मात्र चकार शब्द नाही.

सौदा झाला. अकराही जणांनी धक्का मारून गाडी रस्त्यावर काढली, रामभाऊंनी बोलावलेल्या ट्रॅक्टरला बांधली. त्यातले दोघे रामभाऊंनी बागेच्या कामाला ठेवून घेतले. शुक्रवारी भंगारवाला रिकामा गेला.

दीर अंगणात पत्रा उलटसुलट करून पाहत होते. "वयनी, हे कोन्या शहान्यानं लिहिलं?"

"पेंटरनं," मी ठासून सांगितलं. "आजकालच्या पेंटराईले धड लिहिता येत नाई."

त्यांनी पत्रा उन्हात धरला. आता काय करता, चांगल्या अक्षराच्या तोऱ्यात मी खालच्या कोपऱ्यात बारीक दोन शब्द काढून ठेवले होते. ते त्यांनी अख्ख्या घराला ऐकू जाईल असे वाचले, "हस्ते सुशीलाबाई."