देसाईबाईंची बदली तासांची वही

स्टाफरूममध्ये खडूची धूळ आणि किस्से कितीही झाडले तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच. आमची शाळा मंगळवार पेठेत. तिथं इतके किस्से साठलेत की निरोप समारंभात भाषणं कमी आणि तेच जास्त होतात. पण अंदमानचे चार दिवस आम्ही समारंभात काढत नाही. तिघीच असलो की ते निघतात. मी, पाटीलबाई आणि मगदूमबाई. चौथ्या देसाईबाई. त्या आता नाहीत.

आधी देसाईबाईंचं काम सांगते. कोणी रजेवर असलं की त्यांचे तास कुणाला द्यायचे हे त्या ठरवायच्या. एका लांबट वहीत लिहायच्या आणि ती वही घेऊन शाळाभर फिरायच्या. ज्याला तास दिला त्यानं नावासमोर सही करायची. सही नाही तर तास लागू नाही, हा त्यांचाच नियम.

त्या जिन्यात दिसल्या की मी प्रयोगशाळेत आणि मगदूमबाई बाथरूममध्ये. पाटीलबाई मूळच्या गारगोटीकडच्या, त्या लपायच्या नाहीत, भांडायच्या.

"सारखं मलाच का वो?"

"तुमचा आवाज मोठा आहे, बाई. शेजारचा वर्गही गप्प बसतो."

पाटीलबाई बडबडत सही करायच्या.

* * *

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी देसाईबाईंची औषधं थांबवली. बरं वाटलं म्हणून नव्हे, उपयोग नाही म्हणून. त्यांनी आम्हाला घरी बोलावलं आणि म्हणाल्या, "मला समुद्राकाठी चार दिवस नुसतं पडायचंय. देवळं नकोत, पॉइंट नकोत."

आमच्या कॉम्प्युटरच्या सरांनी मोबाईलवर अंदमानातल्या एका बेटावरचं रिसॉर्ट दाखवलं. म्हणाले, "याला स्टेकेशन म्हणतात. कुठंही फिरायचं नाही, हॉटेलातच आराम."

"पडायला एवढं लांब?" पाटीलबाई म्हणाल्या. "पन्हाळ्यावर पडू की!"

"पन्हाळ्यावर पालक भेटतात," देसाईबाई म्हणाल्या. "तब्येत विचारतात."

मगदूमबाईंनी तिथल्या तिथं जयसिंगपूरला भावाला फोन लावला आणि तिकिटं काढायला सांगितली.

निघताना देसाईबाईंनी एकच नियम केला. तिथं कुणी रडायचं नाही.

* * *

रिसॉर्ट सुंदर होतं. नारळाची झाडं, लाकडी खोल्या, हिरवं पाणी. शहाळं हातात देऊन स्वागत. पण आम्हाला आराम करताच येईना.

बेटाच्या धक्क्यावर होडी सुटायच्या आधी घंटा वाजायची. पहिल्या दिवशी आम्ही झाडाखाली खुर्च्या टाकून बसलो होतो. घंटा झाली आणि पाटीलबाई पर्स घेऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे मगदूमबाई, त्यांच्यामागे मी. तिघी उभ्या, आणि कुठं जायचं ते कुणालाच माहीत नाही. शेजारचं एक जोडपंही घाबरून उठलं.

देसाईबाई डोळे मिटून पडल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "बसा. मोकळा तास आहे."

* * *

मगदूमबाई रोज सगळ्यांच्या आधी उठून देसाईबाईंची गादी आवरायच्या. चादर बदलणारी बाई यायच्या आत सगळं कडक इस्त्रीसारखं. आम्ही चेष्टा केली, "हॉटेलचे पैसे भरून तुम्हीच राबा." त्या नुसत्या हसायच्या.

तिसऱ्या दिवशी मीही लवकर उठले. मगदूमबाई ओली चादर घडी करून पदराखाली घेऊन निघाल्या होत्या. देसाईबाईंना रात्रभर घाम यायचा, गादीसुद्धा भिजायची. परक्या माणसानं ती चादर त्यांच्यासमोर उचलू नये म्हणून ह्या रोज स्वतः लाँड्रीत जाऊन कोरी मागून आणत होत्या.

"बोलू नका त्यांना," मगदूमबाई म्हणाल्या. मला माझ्या चेष्टेची फार लाज वाटली. अजून वाटते.

* * *

आता चटणीचं. पाटीलबाईंनी घरच्या कांदालसूण चटणीची बरणी लुगड्यात गुंडाळून आणली होती. तिथल्या जेवणात खोबरं, अननस आणि सगळं गोडूस. पाटीलबाईंनी पहिल्याच जेवणात बरणी टेबलावर ठेवली.

देसाईबाईंची चव औषधांनी गेली होती. वर्षभर सगळं कागदासारखं लागायचं. त्यांनी सहज बोटावर चटणी घेतली आणि थांबल्या.

"लागतंय," म्हणाल्या. "अगं, तिखट लागतंय की!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग पाटीलबाईंनी चमचाभर कोरडी चटणी तोंडात टाकली, मगदूमबाईंनी टाकली, मी टाकली. चौघी हुंदके देत बसलो. वाढणारी मुलगी धावत साखर घेऊन आली.

"नियम मोडला सगळ्यांनी," देसाईबाई नाक पुसत म्हणाल्या.

"तिखटाला नियम लागू न्हाय," पाटीलबाई म्हणाल्या.

त्यानंतर प्रत्येक जेवणाला आम्ही तसंच करायचो. चौथ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला बरणी संपली. पाटीलबाईंनी ती घासून, पालथी घालून वाळवली आणि माझ्या पिशवीत टाकली.

* * *

निघायच्या सकाळी सामान धक्क्यावर गेलं होतं. देसाईबाई झाडाखालच्या खुर्चीत बसून होत्या. त्यांनी हॉटेलचा कागद पुढं केला. पट्टीनं आखल्यासारख्या रेघा, वहीसारखेच रकाने.

गैरहजर: श्रीमती देसाई.

खाली तास. लेकीचं बाळंतपण: मगदूमबाई. देसाईबाईंच्या मिस्टरांना भाजी-आमटी शिकवणं: मी. सासूबाईंना दर रविवारी रंकाळ्यावर नेऊन बसवणं आणि त्यांच्याशी मोठ्यानं बोलणं: पाटीलबाई. 'कधीपर्यंत' हा रकाना मोकळा होता.

मगदूमबाईंनी सही केली. मी केली. त्या दिवशी लपायला जागा नव्हती असं नाही, समोर अख्खं बेट होतं.

पाटीलबाईंनी कागद हातात घेतला नाही.

"मी सही करत न्हाय. सही न्हाय तर तास लागू न्हाय. नियम तुमचाच हाय."

धक्क्यावर घंटा झाली. या वेळी कुणी उठलं नाही.

"सासूबाईंना ऐकू कमी येतं, बाई," देसाईबाई म्हणाल्या. "या दोघींचा आवाज पोचायचा नाही."

"सारखं मलाच का वो?" पाटीलबाई म्हणाल्या. त्यांचा तो मोठा आवाज बाहेरच येईना.

दुसरी घंटा झाली. होडीवाला हात करायला लागला. देसाईबाई पेन पुढं धरून बसल्या होत्या. हात खाली घेत नव्हत्या. पाटीलबाईंनी पेन घेतलं आणि सही केली. देसाईबाईंनी तिन्ही नावं नेहमीसारखी बोटानं तपासली, कागदाची घडी घालून पाटीलबाईंच्या हातात दिली आणि त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"तिखट खाल्लंत काय?"

"व्हय," पाटीलबाई म्हणाल्या.

रिकामी बरणी माझ्या पिशवीत होती.