माझ्या नणंदेकडे लोक थांबतात

डहाणूत मी अठरा वर्षं ब्लाउज शिवते आणि घरीच शिवणाचे क्लास घेते. नरपडपासून बायका माझ्याकडे येतात. माझा बाहीचा मुंढा चुकत नाही, असं त्या एकमेकींना सांगतात. तेवढ्यावर मी खूश होते. मग सगळ्यांसारखी मीही व्हिडिओ टाकायला लागले.

मी ते मन लावून केलं. ऑनलाइन कोर्स केला. पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याला पकडायचं, मध्ये श्वासाएवढीही फट ठेवायची नाही, स्वतःची एक ओळख तयार करायची, दर वेळी एकाच रंगाची साडी नेसायची, असं सगळं वहीत उतरवून घेतलं. मी मोरपंखी रंग निवडला. गोल दिवा आणला. मागची भिंत रंगवून घेतली. तरी लोक थांबेनात. किती जण कुठपर्यंत थांबले, त्याची एक रेघ फोनवर दिसते. माझी रेघ सुरुवातीलाच खाली यायची आणि मग तळाशी सरपटत राहायची.

अशात एक दिवस दुपारी माझी धाकटी नणंद आली. ती उधव्याला दिलेली. शिवण ती माझ्याकडेच शिकली, लग्नाआधी, माझ्याच मशीनवर. म्हणाली, "वहिनी, मलाही ते चॅनल काढून द्या ना. दुपारी ओटीवर बसून शिवतेच, तर टाकेन काहीतरी."

मी काढून दिलं. मनात म्हटलं, हिचं कोण बघणार?

तिच्या पहिल्याच व्हिडिओत तिने डावी बाही उजवीकडे लावली. लक्षात आल्यावर कपाळाला हात लावून हसली आणि ब्लेडने उसवायला बसली. शेजारी तिची सासू सुपात नाचणी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "परत चुकलीस ना?" बस, एवढंच. ना दिवा, ना साडीचा रंग. आणि बायका ती बाही नीट बसेपर्यंत बघत राहिल्या. वापीकडच्या बायका गुजरातीत लिहायच्या, ही त्यांना गुजरातीत उत्तर द्यायची. तलासरीच्या बाजारात लोक तिला ओळखायला लागले.

एकदा माझ्याच क्लासमधली एक मुलगी मला म्हणाली, "उधव्याच्या त्या ताईंचे व्हिडिओ बघितलेत? काय मस्त शिकवतात!" माझ्या हातातली कात्री थांबली. ती माझी नणंद आहे, हे मी सांगितलं नाही. घरी मात्र तिचे सगळे व्हिडिओ बघितले. पुढे न ढकलता, अगदी शेवटपर्यंत. तिने शिवलेला गळा जरा तिरका होता, काठाची पायपिन सुटत होती. ते दिसलं की मला बरं वाटायचं. आणि खालच्या कौतुकाच्या ओळी वाचल्या की छातीत जळायचं.

मग तिचा फोन आला. "वहिनी, तुम्ही कोर्स केलाय म्हणून विचारते. माझे व्हिडिओ फार लांब होतात का?"

मी जराही न थांबता म्हटलं, "होतात. आणि चुका कशाला दाखवतेस? गिऱ्हाईक विश्वास ठेवेल का? त्या कापून टाक, वर गाणं लाव. घरच्या गप्पा नकोत. मागे पांढरी चादर बांध. आणि सासूबाईंना जरा आत बसव."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सगळं माझ्या वहीत होतं. पण याच गोष्टी करून माझी रेघ कशी पडते, हे मला रोज दिसत होतं. ते मी तिला सांगितलं नाही.

तिने सगळं तसंच केलं. हळूहळू बघणाऱ्या कमी झाल्या. "ताई, आजी कुठे गेल्या?" असं कुणी कुणी विचारलं, मग विचारणंही थांबलं. ते थांबलं त्या दिवशी मी शिरा केला. नवऱ्याने विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही, रवा संपवायचा होता."

दोन महिन्यांनी तिच्या मुलीच्या वाढदिवसाला आम्ही उधव्याला गेलो. ओटीवर चादर बांधलेली. सासूबाई मागच्या पडवीत, सूप घेऊन एकट्या. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलंत ना? माझं तोंड दिसलं की लोक पळतात म्हणून?"

नणंद धावत आली. "आई, असं काय बोलता? वहिनींना त्यातलं कळतं. माझंच काहीतरी चुकत असेल."

तिने माझी बाजू घेतली, ते मला सोसलं नाही. तिला मी मशीनपाशी घेऊन गेले. म्हटलं, "तुझं काही चुकत नाही. असं केल्याने लोक जातात, मला माहीत होतं."

"मग तसं करायला का सांगितलंत?"

"तुझ्याकडे लोक थांबतात. माझ्याकडे नाही थांबत."

तिने मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग म्हणाली, "दोन महिने त्या बाईला मी आत बसवलं, वहिनी." आणि चादरीच्या गाठी सोडायला लागली. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू द्या."

सबंध पावसाळा तिने फोन केला नाही. सासूबाई व्हिडिओत परत आल्या, बघणाऱ्याही आल्या. मी रोज बघत होते.

हिवाळ्यात झरीला एका लग्नात ती माझ्या शेजारी येऊन बसली. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "तुमचं कसं चाललंय?"

"कोणी बघत नाही."

"मी बघते की."

"शेवटपर्यंत?"

"नाही. मध्येच सोडते."

मला हसू फुटलं, तीही हसली. तेवढ्यात दोन मुली तिला शोधत आल्या. फोटो हवा होता. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि तिच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मी दोन फोटो काढले. एकात तिचे डोळे मिटले होते. तोच मी त्यांना आधी दाखवला.

त्यांना तोच जास्त आवडला.