शेपूट धरणारे मामा

स्मारकावरच्या विमानाचा पंखा मी उलटा बसवला. वर पक्कं वेल्डिंगही मारलं.

नवीन जालन्यात माझं गेट-ग्रिलचं दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या शब्दावरही माझा विश्वास नसतो, तिथं भुताखेतांवर कुठून असणार! तरी सांगतो...

बदनापूरकडं जाताना माझ्या मामांच्या गावच्या फाट्यावर, बुटक्या चौथऱ्यावर हे मी बनवलेलं पत्र्याचं विमान आहे. गावातल्या दोन लोहार भावांनी फार पूर्वी घरीच विमान बनवलं होतं, त्यांची आठवण म्हणून. मामा तेव्हा पोरगा. इंजिन सुरू झालं की शेपूट धरून ठेवायचं, इशारा झाला की सोडायचं, हे त्यांचं काम. "ज्वारीवरून उडालं व्हतं," असं ते जन्मभर सांगत आले. गाव म्हणायचं, उडी मारली असंल. पाहणारे बाकी सगळे गेले. लहानपणी मी "मामा, विमान सांगा ना" म्हणत त्यांच्या मांडीवर चढायचो. मोठा झालो अन् गालात हसायला शिकलो.

उद्घाटनाआधी एका दुपारी त्यांना विमान दाखवायला नेलं.

"पंखा उलटा हाय, येड्या!"

"मामा, आपल्याला कुठं उडायचंय?"

ते विमानाच्या मागं गेले, दोन्ही हातांनी शेपूट धरलं, टाचा रोवल्या. "पाहून काय राह्यला? धर की तू बी."

म्हाताऱ्याचं मन राखायला धरलं.

रस्ता रिकामा, वारा बंद. आधी जळक्या एरंडेलाचा वास आला... मग हातातला पत्रा थरथरायला लागला — दात वाजावेत इतका! विमान मला पुढं ओढत होतं.

"मामा, सोडा!"

"थांब! इशारा न्हाई आला आजून."

मग त्यांनी समोर कुणाकडं तरी पाहून मान हलवली. "हां, सोड!"

सोडलं. थरथर थांबली. पण समोरच्या ज्वारीची कणसं एका रेषेत वाकत पार बांधापर्यंत गेली. वर आभाळ मोकळं. पंखा जागेवर, वेल्डिंग शाबूत.

मामांचे डोळे भरले होते. "एरंडेलच घालायचे त्या इंजिनात... आला ना वास? आता दोघं झालो आपण."

एरंडेलाचं त्यांनी मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. त्या दुपारचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं, अन् म्हणाली, "मामा म्हातारे हायेत म्हणून लोक ऐकून तरी घेतात. तुमचं कोण ऐकून घेणार?"